पेशीलाही लिंग असते : रक्तवाहिन्यांचे अस्तर, पेशींतील भंगार आणि एकादशीचा प्रश्न

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री, ठाण्यात नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरत फिरत येऊन पोहोचला. उपवासाचे महत्त्व सिद्ध केल्याबद्दल एका जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले आहे, उपाशी राहिले की पेशी स्वतःतील घाण खाऊन टाकतात व रक्तवाहिन्या आतून धुऊन निघतात, आणि स्त्रियांच्या पेशी हे काम मुळातच चांगले करीत असल्याने त्यांना हृदयविकार होत नाही, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठले. त्यांना एकसष्टाव्या वर्षी छातीत दुखण्याचा त्रास सुरू झाला असून तेव्हापासून औषधे चालू आहेत. "चाळीस वर्षे एकही एकादशी चुकवलेली नाही. मग माझ्या पेशींनी इतकी वर्षे खाल्ले तरी काय?" असे त्यांनी विचारले.

मी आयुष्यभर महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले आहे, तरीही जिन्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. संदेशातील प्रत्येक वाक्यात थोडे खरे होते, आणि तेवढ्या खऱ्याच्या आधाराने बरेच खोटे उभे केलेले होते. खरे आणि खोटे वेगळे करायचे तर सुरुवात रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूपासून करावी लागते.

अस्तर

शरीरातील प्रत्येक रक्तवाहिनीला, मग ती अंगठ्याएवढी जाड महाधमनी असो की केसाहून बारीक केशवाहिनी, आतून चपट्या पेशींचा एक थर असतो. थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. वैद्यकात त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण त्याला अस्तर म्हणू आणि त्यातील पेशींना अस्तर-पेशी. ब्लाउजच्या अस्तराप्रमाणेच हेही बाहेरून दिसत नाही, आणि ते विरू लागल्याशिवाय त्याची आठवणही होत नाही.

बराच काळ हा थर म्हणजे नळाला आतून लावलेला निव्वळ मुलामा आहे, असा समज होता. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने तो मोडला. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर एक विशिष्ट रसायन टाकले असता काही पट्ट्या सैल पडत आणि काही आकसत, हे कोडे त्याला पडले होते. आकसणाऱ्या पट्ट्यांचे अस्तर कापाकापी करताना नकळत घासले गेले होते, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे रक्तवाहिनीला सैल होण्याचा निरोप अस्तरच देत होते. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूचा असतो, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक या कामाला मिळाले. हृदयरुग्ण छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली जी गोळी ठेवतात, तिचे कामही अखेर याच वायूमार्फत होते.

रक्त कोठे गोठू द्यायचे आणि कोठे नाही, रक्तातील काय बाहेर झिरपू द्यायचे, पांढऱ्या पेशींना कोणत्या ठिकाणी थांबवून घ्यायचे, हेही अस्तरच ठरवते. धमनीत चरबीचे थर साचण्याची सुरुवात होते, तीही अस्तर बिघडलेल्या जागी.

पेशीच्या आतला भंगारवाला

त्वचेच्या वरच्या पेशी काही आठवड्यांत झडून नव्या येतात. निरोगी अस्तर-पेशींचे तसे नसते. त्या दीर्घकाळ जागेवरच टिकतात आणि क्वचितच विभागतात. ज्या घरात माणसे बदलत नाहीत त्या घराची डागडुजी सतत करावी लागते. पेशीतही प्रथिने वेडीवाकडी होतात आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका जुन्या होऊन गळू लागतात. असे सुटे भाग गोळा करायचे, मोडायचे आणि निघालेला कच्चा माल पुन्हा वापरायचा, या व्यवस्थेला ऑटोफॅजी म्हणतात. हा शब्द बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ साली रूढ केला. मराठीत त्याचे भाषांतर 'स्वभक्षण' असे होते, पण या भाषांतराने गैरसमज वाढतो असे माझे मत आहे. पेशी येथे स्वतःला खात नसते. ती जुने कपाट मोडून त्याच्या फळ्यांचे स्टूल करीत असते.

काम असे चालते. मोडीत काढायच्या वस्तूभोवती पेशी एक दुपदरी पडदा गुंडाळते आणि त्याचे बंद खोके तयार होते. हे खोके लयकारिकेला जाऊन मिळते. लयकारिका म्हणजे आम्लाने आणि विकरांनी, म्हणजेच पदार्थ तोडणाऱ्या प्रथिनांनी, भरलेली पिशवी. शाळेच्या पुस्तकातील 'आत्मघाती पिशव्या' हे तिचे नाव अनेकांना आठवत असेल. मुलांना ते हमखास लक्षात राहते आणि हमखास चुकीचे लक्षात राहते. खोक्यातील माल तेथे सुटा होतो आणि त्यातून निघालेली अमिनो आम्ले, मेदाम्ले इत्यादी पुन्हा पेशीच्या कामी येतात.

हे काम प्रत्येक पेशीत मंद गतीने अहोरात्र चालू असते. अन्न कमी पडले की त्याची गती वाढते, कारण बाहेरून माल येत नसेल तर घरातला जुना मोडूनच भागवावे लागते. संदेशातले जपानी शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी. त्यांनी यीस्टच्या, म्हणजे किण्वाच्या, पेशींना उपाशी ठेवून हीच क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिला लागणारी जनुके १९९० च्या दशकात शोधून काढली. २०१६ चे नोबेल त्यासाठी होते. त्यात माणसाचा उपवास नव्हता, रक्तवाहिन्याही नव्हत्या.

अस्तरापुरती मात्र एक खास गोष्ट आहे. रक्ताचा प्रवाह जेथे सरळ, एकसारखा आणि पुरेशा वेगाचा असतो तेथे त्या प्रवाहाच्या घर्षणानेच अस्तर-पेशींतील हे काम व्यवस्थित चालते. जेथे वाहिनी वळते किंवा तिला फाटा फुटतो तेथे प्रवाह घोटाळतो आणि कामही रेंगाळते. वाहत्या ओढ्यात शेवाळ वळणावरच धरते, तसे चरबीचे थरही नेमके याच जागी धरतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या केवळ अस्तर-पेशींतील ऑटोफॅजी बंद केली, तेव्हा प्रवाह चांगला असलेल्या, एरवी सुरक्षित राहणाऱ्या भागांतही थर साचू लागले.

फरक कोठून येतो : पहिले उत्तर हार्मोनचे

स्त्रियांना हृदयविकार होत नाही हे साफ खोटे आहे. जगभर स्त्रियांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. खरे एवढेच, की स्त्रियांना ते सरासरीने सात ते दहा वर्षे उशिरा गाठतात.

या उशिराचे नेहमीचे स्पष्टीकरण इस्ट्रोजेन हे स्त्रियांतील प्रमुख हार्मोन आहे आणि ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. इस्ट्रोजेन अस्तर-पेशींना नायट्रिक ऑक्साइड अधिक बनवायला लावते. दंडाला पट्टा आवळून पाच मिनिटांनी सोडल्यावर धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजून अस्तराची तब्येत तपासता येते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात पुरुषांमध्ये चाळिशीनंतर घसरण सुरू झालेली दिसली. स्त्रियांमध्ये ती पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत दिसली नाही, पण एकदा सुरू झाल्यावर तिचा वेग पुरुषांच्या दुपटीहून अधिक होता. पाळी थांबण्याचा आणि या घसरणीचा काळ एकच.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिले की झाले, असे कोणालाही वाटेल, आणि डॉक्टरांनाही तसे वाटले होते. अमेरिकेत पाळी थांबलेल्या १६,६०८ स्त्रियांवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या जोडीची मोठी चाचणी झाली. २००२ साली ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण हृदयाला संरक्षण तर मिळाले नाहीच, उलट स्तनाच्या कर्करोगाबरोबर हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाणही थोडे वाढलेले दिसले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि पाळी थांबल्यावर लगेच उपचार सुरू केले तर चित्र वेगळे दिसते का, ही चर्चा नंतर बरीच झाली. पण 'स्त्री म्हणजे पुरुष अधिक इस्ट्रोजेन' हे समीकरण तेव्हापासून टिकले नाही.

दुसरे उत्तर : गोधडी

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक वाय. दोन्ही एक्स पूर्ण वेगाने चालले तर त्यांच्यावरील जनुकांचे उत्पादन दुप्पट होईल, म्हणून गर्भावस्थेतच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स जवळजवळ बंद करून टाकते. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी हे १९६१ साली मांडले. कोणते बंद करायचे, आईकडून आलेले की वडिलांकडून, हे त्या त्या पेशीत योगायोगाने ठरते आणि तिच्या पुढच्या सगळ्या पिढ्या तोच निर्णय पाळतात. चेंदणी कोळीवाड्यात मासळीच्या पाट्यांभोवती घुटमळणारी काळ्या-तांबूस ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, ती याच कारणाने: काही ठिपक्यांत एक एक्स चालू आणि काहींत दुसरे.

स्त्रीच्या रक्तवाहिनीचे अस्तर असेच दोन लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडी असते, आणि पुरुषाचे एकाच कापडाचे. एका लुगड्याला भोक असेल तर गोधडीत दुसऱ्याचे तुकडे सांभाळून घेतात. एकच कापड असलेल्याला ती सोय नसते. शिवाय 'बंद' एक्सवरील सुमारे १५ टक्के जनुके पूर्ण बंद होतच नाहीत, त्यामुळे त्यांचा माल स्त्रीच्या पेशीत थोडा अधिक बनतो.

पेशींतील भंगार हाताळणारी काही महत्त्वाची जनुके नेमकी एक्सवर आहेत. फॅब्री रोगात लयकारिकेतील एक विकर बनवणारे, एक्सवरील जनुक बिघडलेले असते. एका प्रकारचे मेद मोडले जात नाही आणि ते ज्या पेशींत साचते त्यांत रक्तवाहिन्यांचे अस्तर प्रमुख आहे. त्यातून हातापायांची आग, मूत्रपिंडाचा बिघाड, हृदयाच्या तक्रारी आणि तरुण वयात पक्षाघात उद्भवतो. पुरुषांत रोग लहानपणापासून आणि तीव्रतेने दिसतो. स्त्रियांत तो उशिरा, कमी-अधिक आणि बेभरवशाचा असतो, कारण कोणाच्या गोधडीत फाटक्या लुगड्याचे तुकडे किती आणि कोठे पडले आहेत हे सांगता येत नाही. या स्त्रियांना फार काळ 'केवळ वाहक' म्हणून घरी पाठवले जात असे. त्या खऱ्याखुऱ्या रुग्ण असू शकतात हे उशिरा मान्य झाले. हा रोग विरळा आहे, पण अस्तर-पेशीचा भंगारखाना आणि लिंग यांचा थेट धागा दाखवणारे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

नाळेतला पुरावा

रोग नसताना फरक दिसतो का? प्रयोगशाळेत माणसाच्या अस्तर-पेशी बहुधा बाळाच्या नाळेतून मिळवतात. प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून त्या काढून वाढवण्याची रीत १९७३ पासून रुळली. नाळ बाळाची असते, आईची नव्हे, त्यामुळे मुलाच्या नाळेतील पेशी पुरुषाच्या आणि मुलीच्या नाळेतील स्त्रीच्या. मात्र अनेक वर्षे अनेक नाळांच्या पेशी एकत्र करून एकाच कुपीत विकल्या जात आणि त्यांत मुलगे किती, मुली किती, हे कोणी विचारीत नसे. मामलेदारच्या मिसळीचा एक घास घेऊन त्यातील मटकी कोणत्या गावची हे सांगण्यासारखा तो प्रकार होता.

इटलीच्या सार्डिनिया बेटावरील सासारी विद्यापीठाच्या संशोधकांनी मुलांच्या आणि मुलींच्या पेशी वेगळ्या ठेवून तुलना केली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांच्या पेशी आकाराने मोठ्या होत्या आणि त्यांत ऑटोफॅजीच्या खुणा अधिक होत्या. मुलींच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर अधिक होते. बर्लिनमधील संशोधकांनी २०१९ साली आणखी नेटका डाव टाकला. त्यांनी मुलगा-मुलगी अशा जुळ्यांच्या नाळा घेतल्या. एकच गर्भाशय, एकच आई, तोच आहार, तीच प्रसूती. तरीही फरक उरलाच, आणि मुलींच्या पेशींत ऊर्जेचा साठा अधिक सापडला.

"म्हणजे पुरुषांच्या पेशी अधिक स्वच्छ?"

संदेशात याच्या उलट लिहिले होते, आणि दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. ऑटोफॅजी मोजतात ती बहुधा खोक्याच्या पडद्याला चिकटणाऱ्या एका प्रथिनावरून, म्हणजे पेशीत खोकी किती आहेत यावरून. आता समजा, घोडबंदर रोडवर सकाळी तुम्हाला भंगाराचे चाळीस डंपर दिसले. काम जोरात चालू असल्यामुळे ते दिसत असतील, किंवा गायमुख घाटात वाहतूक तुंबल्यामुळे सगळे एका जागी उभे असतील. रस्त्यावरील डंपर मोजून यातले खरे कोणते ते कळत नाही. त्यासाठी घाट मुद्दाम बंद करून ठरावीक वेळात मागे किती डंपर साचतात ते पाहावे लागते. प्रयोगशाळेत लयकारिकेचे काम थांबवणारे औषध घालून नेमके हेच करतात. हिवतापावरील जुने क्लोरोक्विन हे त्यांपैकीच एक. केवळ खुणा मोजणाऱ्या अभ्यासांवरून 'अधिक' म्हणजे 'चांगले' असा अर्थ काढता येत नाही.

दुसरे असे की मोडतोड फार झाली तर नुकसानही होते. अमेरिकेत २००९ साली उंदीरवर्गीय प्राण्यांच्या चेतापेशी उपाशी ठेवून केलेल्या प्रयोगात नर पेशींनी लगेच स्वतःचे भाग मोडायला घेतले आणि त्या लवकर मेल्या. मादी पेशींनी मेदाचे थेंब साठवून तग धरला. एकाने घरातील लाकूड जाळून रात्र काढली, दुसऱ्याने रॉकेलचा डबा आधीच भरून ठेवला होता, असे म्हणता येईल. पण त्या चेतापेशी होत्या. रक्तवाहिन्यांत हाच हिशेब तसाच लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. कोणती पेशी, कोणता ताण आणि किती वेळ, यावर उत्तर बदलते.

"नवजात बाळावर हार्मोनचा परिणाम झालेला नसतो का?"

झालेला असतो, आणि ही शंका रास्त आहे. पुरुष गर्भात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जन्माच्या बरेच आधी तयार होऊ लागते, त्यामुळे नाळेतील पेशी हार्मोनच्या दृष्टीने कोऱ्या पाटीसारख्या नसतात. त्यात भर म्हणजे पेशी वाढवण्याच्या द्रवाला गुलाबी रंग देणारे फिनॉल रेड हे द्रव्य स्वतःच सौम्य इस्ट्रोजेनसारखे वागते, हे १९८० च्या दशकात लक्षात आले. गुणसूत्रांचा वाटा आणि हार्मोनचा वाटा पूर्ण वेगळे करण्यासाठी उंदरांमध्ये गुणसूत्रे आणि बीजग्रंथी यांची अदलाबदल करून प्रयोग होतात, आणि तेथेही दोहोंचा वाटा वेगवेगळा दिसतो. माणसाच्या शरीरात मात्र दोन्ही नेहमी एकत्रच नांदतात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळे फरक सरासरीचे आहेत. एखाद्या मुलाची पेशी एखाद्या मुलीच्या पेशीहून लहान असू शकते, जशी एखादी बाई एखाद्या पुरुषाहून उंच असते. लिंगाइतकेच वय, तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब हेही अस्तरावर परिणाम करतात. तंबाखूचा तर फारच.

"एवढ्याशा फरकाने उपचारात काय बदलते?"

ॲस्पिरिन घ्या. १९८९ साली २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील चाचणीत, एक दिवसाआड ॲस्पिरिन घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले, आणि जगभर हा उपाय स्त्रियांनाही तसाच सांगितला गेला. पुढे ३९,८७६ स्त्रियांवर दहा वर्षे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली आले: पहिल्या झटक्याच्या प्रमाणात लक्षणीय घट नाही, पण पक्षाघाताच्या प्रमाणात १७ टक्के घट. दोन चाचण्यांतील मात्रा आणि काळ वेगळे होते, आणि या फरकाचे मूळ अस्तरातच आहे असे कोणी सिद्ध केलेले नाही. (हे वाचून कोणी चालू असलेली ॲस्पिरिनची गोळी परस्पर बंद करू नये.) मुद्दा एवढाच की अर्ध्या लोकसंख्येला दुसऱ्या अर्ध्यावर तपासलेले औषध दिले जात होते.

हे का झाले, याचेही कारण सरळ आहे. १९७७ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली होती. हेतू गर्भाच्या सुरक्षेचा होता. ती १९९३ साली मागे घेण्यात आली. पेशी आणि प्राण्यांच्या प्रयोगांत लिंगाचा विचार करावा, ही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अट तर २०१६ साली आली. ऑटोफॅजीची गती वाढवणारी किंवा कमी करणारी औषधे आज प्रयोगात आहेत. ती मिश्र कुपीतील पेशींवर तपासली, तर मुलांच्या पेशींत वाढ आणि मुलींच्या पेशींत घट होऊन सरासरी शून्य येऊ शकते, आणि कामाचे औषध निकामी ठरू शकते.

काकूंच्या एकादश्या

आता जिन्यातल्या प्रश्नाकडे. माणसाच्या धमनीतील अस्तर-पेशींत ऑटोफॅजी किती चालू आहे, हे सांगणारी कोणतीही रक्तचाचणी दवाखान्यात मिळत नाही, त्यामुळे अमुक तासांच्या उपवासाने धमन्या धुतल्या जातात, असे म्हणणाऱ्याने ते मोजलेले नसते. साचलेला चरबीचा थर हा पेशीच्या आतील भंगाराचा ढीगही नव्हे. तो धमनीच्या भिंतीत, अस्तराच्या मागे असतो. शिवाय पेशीला उपासमार कळते ती अमिनो आम्ले आणि इन्सुलिन खाली आल्यावर. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. खिचडीची दुसरी वाटी संपेपर्यंत इन्सुलिन चढलेले असते आणि पेशीला मोडतोड करण्याची काहीच निकड उरत नाही.

काकूंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, एकादशी त्या विठ्ठलासाठी करतात, पेशींसाठी नाही. त्यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते. मग मी त्यांच्या गोळ्यांची यादी पाहिली. त्यात मधुमेहावरची गोळीही होती, आणि उपवासाच्या दिवशी ती केव्हा व किती घ्यायची, हे त्यांनी डॉक्टरांना चाळीस वर्षांत एकदाही विचारलेले नव्हते.